आडनाव नको, गाव टाका: मध्ययुगीन इंग्लिश जमीनदाराची वंशावळ मुंबईत बसून शोधायला कोणती ऑनलाइन सेवा कामाची?

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या सेवेत पहिली चौकट आडनावाची आहे, तिथे वेळ जातो. ज्या सेवेत गावाचं नाव टाकता येतं, तिथे काम होतं. तेराव्या-चौदाव्या शतकातला इंग्लिश जमीनदार आडनावाने सहसा हाती लागत नाही, कारण ते आडनाव आपल्या 'कर'सारखं असतं आणि आपल्या 'कर'इतकं टिकाऊही नसतं. चिपळूणकर तीन पिढ्या ठाण्यात राहिले तरी चिपळूणकरच. तिकडे धाकट्याच्या वाट्याला दुसरं गाव आलं की तो 'द' लावून त्या गावाचं नाव घ्यायचा, आणि सख्खे भाऊ कागदावर परके दिसायचे. जमीन मात्र जागची हलत नाही.

सेवा तपासायच्या तर उत्तर आधीच माहीत असलेला माणूस घ्यावा, म्हणजे कोण कुठे तोकडं पडतं ते कळतं. आम्ही धरला लिंकनशरमधल्या इर्नहॅमचा सर जेफ्री लट्रेल. जन्म १२७६, मृत्यू २३ मे १३४५. ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या लट्रेल साल्टर या स्तोत्रांच्या सचित्र हस्तलिखितामध्ये, पान २०२च्या मागच्या बाजूला, तो चिलखत घालून घोड्यावर बसलेला आहे आणि वर लॅटिनमध्ये लिहिलंय की हा ग्रंथ 'गाल्फ्रिदुस लूतेरेल' याने करवून घेतला. पहिला धडा तिथेच मिळतो. जेफ्रीचा लॅटिनमध्ये गाल्फ्रिदुस होतो, राल्फचा रादुल्फुस, आणि लट्रेल हे लूतेरेल, लोतेरेल, लुतेरेल असं कसंही येतं. शोधचौकटीत आजचं स्पेलिंग टाकून 'काहीच सापडलं नाही' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सुरुवात ओपन डोम्सडेपासून करावी. मोफत, नोंदणी नाही, मोबाईलवरही नीट चालतं. लोकलमध्ये उभ्याने वापरता येईल अशी या यादीतली जवळपास एकमेव सेवा. १०८५च्या नाताळात विजेत्या विल्यमने जमाबंदी करायचं ठरवलं आणि १०८६मध्ये ती झाली, तिचं हे गाववार रूप. गाव टाकलं की १०६६चा, म्हणजे नॉर्मन विजयाच्या वेळचा मालक, १०८६चा मालक, कुटुंबं, नांगर, वार्षिक उत्पन्न आणि मूळ पानाचं छायाचित्र समोर येतं. इर्नहॅम इथे 'गेर्नेहॅम' म्हणून आहे आणि १०८६चा मालक राल्फ पेनेल. लट्रेल हे नाव कुठेच नाही. आडनाव घेऊन बसलेला माणूस इथेच गाशा गुंडाळतो.

दोन गोष्टी जपाव्यात. कुटुंबांचा आकडा म्हणजे घरटी एक डोकं; तो लोकसंख्या म्हणून वाचू नये. दुसरं, मालकाच्या नावावर टिचकी मारली की त्या नावाची सगळी गावं दिसतात, पण नुसतंच 'विल्यम' किंवा 'राल्फ' एवढं नाव असेल तर ती सगळी गावं एकाच माणसाची समजू नयेत. शिवाय नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम या जमाबंदीत नाहीत, लंडन आणि विंचेस्टरही नाहीत. तिथला माणूस शोधत असाल तर ही पायरी सोडून पुढे जा.

पुढे खड्डा आहे. १०८६नंतर राजाच्या खजिन्याचा ११३०चा एक सुटा हिशेब-गुंडाळा उरलाय, सलग गुंडाळे ११५५च्या आसपासपासून मिळतात, आणि कोणाकडे किती सरदारांची जमीन आहे याची मोठी यादी ११६६ची. मधल्या ऐंशी वर्षांत बहुतेक खऱ्या वंशावळी अडकतात. त्यामुळे कोणी '१०६६पासून अखंड वंश' दाखवला की आधी शंका घ्यावी. नॉरफकच्या पास्टन घराण्याचं उदाहरण मासलेवाईक आहे. त्यांचा मूळपुरुष क्लेमंट साधा शेतकरी, पण १४६६मध्ये त्यांनी चौथ्या एडवर्डकडून आपण नॉर्मन विजयापासूनचे कुलीन असल्याचा निर्वाळा मिळवला. कागद सरकारी, शिक्का खरा, वंशावळ रचलेली. असले प्रकार आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांत वाचलेल्यांना नवे वाटणार नाहीत.

ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन ही लंडन विद्यापीठाच्या इतिहास संशोधन संस्थेची सेवा, २००३पासूनची. तिच्यावरचा सर्वांत उपयोगी माल म्हणजे व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी ही १८९९मध्ये सुरू झालेली परगणावार (परगणा म्हणजे तिकडची काउंटी) मालिका. प्रत्येक गावाच्या प्रकरणात मॅनर, म्हणजे जमीनदाराची जहागीर, कोणाकडून कोणाकडे गेलं याचा सलग परिच्छेद असतो. तो वाचून थांबू नये. खरा माल तळटिपांत आहे. प्रत्येक टीप म्हणजे एका मूळ कागदाचा पत्ता, आणि पुढचं सगळं काम त्या पत्त्यांवर उभं राहतं. परिच्छेद उतरवून टिपा सोडणं म्हणजे सातबारा बघून फेरफार न बघणं.

पण मालिकेला भोकं आहेत आणि ती मोठी आहेत. लिंकनशरचा या मालिकेतला जुना खंड एकच, दुसऱ्या क्रमांकाचा, आणि त्यात गाववार प्रकरणंच नाहीत. संकेतस्थळावर त्यातून मिळतात ती मठांची. म्हणजे इर्नहॅमवर काही नाही. याउलट लट्रेलांच्याच सॉमरसेटमधल्या ईस्ट क्वांटॉक्सहेडचं प्रकरण पाचव्या खंडात व्यवस्थित आहे. तेव्हा एका गावाने दगा दिला तर त्याच घराण्याचं दुसरं गाव धरायचं. या सेवेचा शोध मात्र ढिसाळ आहे. आधी परगणा, मग खंड, मग गाव असं पायऱ्यांनी उतरावं. वरच्या चौकटीत आडनाव टाकलं तर अठराव्या शतकातले लट्रेलसुद्धा गोळा होऊन येतात.

आता इर्नहॅम पेनेलांकडून लट्रेलांकडे कसं आलं ते बघा, म्हणजे आडनावाचा पाठलाग का फसतो ते कळेल. १२३०मध्ये इर्नहॅम धरणारा मॉरिस द गाँत निपुत्रिक वारला. त्याचा आजा ब्रिस्टलचा रॉबर्ट फिट्झहार्डिंग, म्हणजे आडनाव आईकडच्या घराण्याचं घेतलेलं. त्याच्या मागे पेनेल घराण्याच्या वारशाने इर्नहॅम अँड्र्यू लट्रेलकडे गेलं, कारण अँड्र्यूची आई फ्रेथेसंट ही पेनेलांची मुलगी. एका गावावर तीन आडनावं, आणि दुवा प्रत्येक वेळी बाईचा. मुलगा नसेल तर जमीन मुलींमध्ये सारखी वाटली जायची, थोरलीला जास्त नाही. सावत्र भावाला वारसाहक्कच नव्हता. सख्खी बहीण त्याच्या आधी. त्यामुळे वंशवृक्षात भाऊ दिसतोय आणि जमीन भलत्याच आडनावाकडे गेलीय असं दिसलं, की भाऊ सावत्र होता का ते आधी तपासावं.

या कामातला सगळ्यात श्रीमंत कागद म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. वारसनोंदीचा फेरफार आणि पंचनामा एकत्र केला तर जे होईल ते. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला की राजाचा हुकूम परगण्याच्या अधिकाऱ्याला सुटायचा, तो बारा-एक पंच बसवायचा आणि विचारायचा: कधी मेला, काय जमीन होती, कोणाकडून धरली होती, कोणत्या सेवेवर, वर्षाचं उत्पन्न किती, वारस कोण आणि त्याचं वय काय. 'कोणाकडून' हा प्रश्न मुंबईकराने हसण्यावारी नेऊ नये. २७ मार्च १६६८च्या सनदेने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली गेली ती केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच मॅनरची जमीन म्हणून, वर्षाला १० पौंड सोन्यात भरून. तोवर लष्करी सेवेची जुनी पद्धत कायद्याने संपली होती, म्हणून सनदेत साधा सॉकेज, म्हणजे लष्करी सेवेऐवजी ठरलेला खंड आहे. तीनशे वर्षं आधीच्या कागदात त्याच जागी 'अर्ध्या सरदाराची सेवा' असं काहीतरी दिसेल.

या चौकशांचे छापील इंग्रजी सारांश १२३६ ते १४४७ आणि सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीचे आहेत. १४४७नंतरचा मधला बराचसा पट्टा सारांशात नाही, तिथे मूळ लॅटिनच वाचावं लागतं. जुने खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर आणि इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. १३९९ ते १४४७च्या खंडांसाठी विंचेस्टर विद्यापीठ आणि किंग्ज कॉलेजच्या प्रकल्पाची वेगळी डिजिटल आवृत्ती आहे, आणि आमच्या मते या सगळ्या यादीतली ती सर्वांत हुशारीने बांधलेली सेवा. तिच्यात वारस, पंच, ठिकाण, तारीख असं वेगवेगळं शोधता येतं. पंचांची नावं शोधता येणं ही मोठीच गोष्ट, कारण आपला छोटा जमीनदार राजाचा थेट धारक नसेल तर त्याची स्वतःची चौकशी होत नाही. पण तो शेजाऱ्याच्या चौकशीत पंच म्हणून बसलेला सापडतो.

चुका कुठे होतात? वयात. 'वय २१ वर्षं आणि अधिक' याचा अर्थ एकवीस नव्हे, 'सज्ञान आहे, पालकत्वात घेता येणार नाही' एवढाच. अशा कागदावरून जन्मवर्ष काढणारे झाडं वाकडी करतात. वारस २१च्या आतला असेल तर मात्र आकडा बऱ्यापैकी भरवशाचा, कारण त्यावर राजाचे पैसे अवलंबून होते; पालकत्व विकलं जायचं. मुलींची वयोमर्यादा वेगळी: लग्न झालेली असेल तर १४, नसेल तर १६. आणि एकाच माणसाची जमीन तीन परगण्यांत असेल तर तीन हुकूम, तीन पंचायती, आणि मृत्यूची तारीख किंवा वारसाचं वय तिन्हींत वेगळं असू शकतं. एकच कागद वाचून समाधान मानू नये. उत्पन्नाचे आकडे तर कमीच सांगितलेले असतात. सरकारी मोजणीपुढे उत्पन्न वाढवून सांगणारा गाववाला कुठल्याच देशात झाला नाही.

दुसरा सापळा जरा कायदेशीर. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदार मरण्याआधी जमीन विश्वासू माणसांच्या नावे करून ठेवू लागले. मग पंच सांगतात, 'काहीही धरत नव्हता.' तो कंगाल झाला असं नाही. जमीन कागदावर दुसऱ्यांच्या नावे आहे. अशा वेळी नुसत्या मृत्युपत्रावर विसंबून भागत नाही, कारण १५४०पर्यंत जमीन मृत्युपत्राने थेट सहसा देता येत नव्हती; त्या विश्वासू माणसांना दिलेल्या सूचना मात्र कधी कधी त्यात सापडतात. एरवी मृत्युपत्रात पलंग, चांदीची भांडी आणि चर्चला मेणबत्त्या. इथे पाहिजेत ते दिवाणी तडजोडीचे दाखले.

हे दाखले म्हणजे फीट ऑफ फाइन्स. एकाच चामडी पानावर मजकूर तीनदा लिहायचा, नागमोडी कापायचा, दोन तुकडे दोन पक्षांना आणि तळचा तुकडा कोर्टात. १५ जुलै ११९५पासून तळचे तुकडे राखले गेले. दिसतात खटले, पण बहुतेक वेळा असतं खरेदीखत किंवा घरगुती वाटणी. 'जेफ्रीला आणि त्याच्या औरस वंशजांना, तो वंश खुंटला तर भाऊ अमुकला, तोही खुंटला तर तमुकला' अशी रांग दिसली की मुलांची नावं जन्मक्रमाने हातात पडली म्हणून समजावं. मध्ययुगीन वंशावळीला वाहिलेलं एक मोफत इंग्रजी टिपणस्थळ आहे. त्यावर परगणावार सारांश आणि कुठला खंड कुठे मोफत वाचता येईल त्याच्या याद्या आहेत. रूप जुनाट, रंग फिका, पण आधुनिक थाटाच्या कितीतरी स्थळांपेक्षा काटेकोर. तिथे सीपी २५/१ने सुरू होणारा क्रमांक मिळाला की तो लिहून घ्या आणि ह्यूस्टनला जा.

ह्यूस्टन विद्यापीठाच्या अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन या स्थळावर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कोर्टाच्या गुंडाळ्यांची लाखो छायाचित्रं मोफत आहेत. पैसे नाहीत, नोंदणी नाही, आणि मदतही नाही. आधी राजा, मग कोर्ट, मग वर्ष, मग गुंडाळ्याचा क्रमांक. चित्राच्या नावात एफ म्हणजे पुढची बाजू, डी म्हणजे मागची. कॉमन प्लीज या दिवाणी दाव्यांच्या कोर्टाच्या वर्षाला चार मुदती, म्हणून वर्षाला चार गुंडाळे, आणि एकेका गुंडाळ्यात शेकडो पानं. सगळं वाचत बसायचं नसतं. डाव्या समासात प्रत्येक नोंदीपुढे परगण्याचं नाव तोडून लिहिलेलं असतं. लिंकनशरसाठी 'लिंक' एवढंच आणि पुढे आकडी. समासावरून नजर खाली सरकवत जायचं, 'लिंक' दिसलं की पहिली ओळ बघायची, गावाचं नाव नसेल तर पुढे. सराव झाला की दोन बाजू मिनिटात उरकतात. नोंद लांबलचक असेल आणि तिच्यात 'देसेन्दित' व 'उत फिलियो एत हेरेदि' हे शब्द पुन्हा पुन्हा येत असतील तर थांबा: 'अमुककडून हक्क उतरला तमुककडे, मुलगा आणि वारस म्हणून'. वादी आपली वंशावळ कोर्टापुढे वाचतोय. ती त्याची बाजू आहे हे विसरू नका. वारस न ठरलेली मुलं तो गाळतो, आणि सोयीचा पूर्वज घुसवतोही.

मोडी वाचणाऱ्याला हे लिखाण पहिल्या आठवड्यात छळतं आणि मग जमतं. शब्दांची तोड ठरावीक असते, तऱ्हा त्याच त्या असतात. पाच-पन्नास साचे ओळखीचे झाले की निम्मं पान वाचलं. मोबाईलवर मात्र हा उद्योग करू नये. मोठा पडदा हवा, आणि चित्रं जड असल्याने लागतील तेवढी आधी उतरवून घ्यावीत.

तारखा हा स्वतंत्र डोकेदुखीचा विभाग. कागदात इसवी सन नसतो. राजाचं वर्ष आणि सणाचा दिवस असतो. मराठी दप्तरातल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायची सवय असलेल्याला तत्त्व लगेच कळेल. तिसऱ्या एडवर्डचं वर्ष २५ जानेवारी १३२७पासून मोजतात, म्हणून त्याचं वर्ष २२ म्हणजे २५ जानेवारी १३४८ ते २४ जानेवारी १३४९. 'वर्ष २२, मायकेलमसनंतरचा सोमवार' आला तर? मायकेलमस २९ सप्टेंबरला, आणि १३४८मध्ये तो दिवस स्वतःच सोमवार. 'नंतरचा' म्हणजे पुढचा, म्हणून ६ ऑक्टोबर. घाईत २९ सप्टेंबर लिहिला की एक आठवडा गेला, आणि प्लेगच्या त्या काळात एका आठवड्यात वारस बदलत होते. जिथे इसवी सन येतो तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, १७५२पर्यंत. मुंबईची ती सनद २७ मार्चची आहे. चार दिवस आधी सही झाली असती तर कागदावर १६६७ दिसलं असतं.

जेफ्री १३४५मध्ये गेला, म्हणजे एडवर्ड तिसरा, वर्ष १९; क्यूच्या डिस्कव्हरी सूचीत या कारकिर्दीच्या चौकशांची मालिका सी १३५. आधीची दुसऱ्या एडवर्डची सी १३४, पहिल्याची सी १३३. हे क्रमांक पाठ असावेत, कारण डिस्कव्हरीत नुसतं नाव टाकलं तर देशभरच्या कागदांचा ढीग कोसळतो. शोध मालिकेपुरता आणि वर्षांपुरता आवळला की आटोक्यात येतो. ज्याचं छायाचित्र चढवलेलं नाही त्याची प्रत मागवताना आधी पानं तपासण्याचं शुल्क पडतं आणि ते परत मिळत नाही. म्हणून सारांशात पान क्रमांक मिळाल्याशिवाय मागणी घालू नये. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवावा. २०२०पासूनच्या नियमांनुसार नवं कार्ड मुळात देशापुरतंच चालू असतं, आणि पैसे अडकले की दोष अभिलेखागाराला दिला जातो. क्यू रविवार-सोमवार बंद. बाकी दिवशी तिकडचे साडेनऊ म्हणजे इथले उन्हाळ्यात दुपारचे दोन, हिवाळ्यात तीन. दप्तरखान्यात कागदांचे रुमाल सुटायची वाट बघायची सवय असलेल्यांना एवढी उसंत फार नाही.

सशुल्क वंशवृक्षांच्या मोठ्या स्थळांबद्दल थोडक्यात. १८३७नंतरच्या जन्ममृत्यू नोंदींसाठी ती चांगली असतील. मध्ययुगासाठी वर्गणी भरू नये. लोकांनी चढवलेली झाडं एकमेकांवरून उतरवलेली असतात, म्हणून चाळीस झाडांत तीच आई दिसली तरी पुरावा एकच, कधी शून्य. लट्रेलांवर सोपी चाचणी घ्या. चौदाव्या शतकात किमान दोन सर अँड्र्यू लट्रेल आहेत. एक इर्नहॅमचा, जेफ्रीचा मुलगा, १३९०मध्ये वारलेला. त्याचा पितळी पत्रा इर्नहॅमच्या चर्चमध्ये आहे. दुसरा डेव्हनमधल्या चिल्टनचा, एलिझाबेथ कोर्टनीचा नवरा, धाकट्या शाखेतला. याच एलिझाबेथने १३७६मध्ये जोन द मोहनकडून डन्स्टर किल्ल्याचा पुढचा हक्क ५,००० मार्कांना घेतला. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, तेव्हा हिशेब ३,३३३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. कुठल्याही झाडात डन्स्टरची एलिझाबेथ इर्नहॅमच्या अँड्र्यूशेजारी बसवलेली दिसली, की ते झाड तिथेच बंद करा.